'थम' कोणी म्हणायचे?

परेडवर उस्ताद 'थम' म्हणतात आणि आमची पावले थांबतात. फौजेतल्या जवानाचीही निवृत्तीची तारीख ठरलेली असते. व्यावसायिक शरीरसौष्ठवपटूला मात्र 'थम' म्हणणारा कोणी नसतो. ते त्याने स्वतःच स्वतःला म्हणायचे असते.

आमच्या डॉर्मिटरीत रॉनी कोलमनचे चाहते पुष्कळ आहेत, मीही त्यातलाच. अमेरिकेत पोलिसाची नोकरी करत पुढे आलेल्या या माणसाने १९९८ ते २००५ अशी सलग आठ वर्षे 'मिस्टर ऑलिंपिया' हा किताब जिंकला. ८०० पौंड, म्हणजे सुमारे ३६३ किलो वजन खांद्यावर घेऊन त्याने दोन बैठका मारल्या. २००६ मध्ये जे कटलरने त्याला हरवले. तरीही २००७ मध्ये, वयाच्या ४३व्या वर्षी, तो पुन्हा मंचावर उतरला आणि चौथा आला. पुढे त्याच्या पाठीवर आणि खुब्यांवर अनेक शस्त्रक्रिया झाल्या. त्याला चालायलाही कुबड्या लागू लागल्या.

ली हेनीनेही १९८४ ते १९९१ असे सलग आठ किताब जिंकले होते. पण तो ३१व्या वर्षी, जिंकत असतानाच थांबला.

मग सर्वांनी तिशीतच थांबावे का? मला तसे वाटत नाही. कोलमनची पाठ काही शेवटच्या दोन वर्षांतच बिघडली नव्हती, दुखणे जुने होते. शिवाय बक्षिसे आणि जाहिराती यांवरच ज्याचे घर चालते, त्याला 'सोडून दे' असे सांगणे सोपे आहे. म्हणून वय किंवा पराभव हा निकष नसावा. ज्या दिवशी दुखणे लपवून सराव करावा लागतो, तो दिवस थांबण्याचा.

हे मी अनुभवाने सांगतो. गेल्या वर्षी क्रॉस कंट्रीच्या आधी माझी नडगी दुखत होती. हाऊसचे गुण जातील म्हणून मी कोणाला सांगितले नाही, गोळी घेऊन धावलो. गुण मिळाले, पण पुढचे सहा आठवडे मी परेड मैदानाच्या कडेला बसून पाहिली. मित्रांनी मला शूर म्हटले. मला मात्र तेव्हा कळले की ते शौर्य नव्हते, 'नाही' म्हणण्याची भीती होती.

स्पर्धा सोडणे म्हणजे व्यायाम सोडणे नव्हे. एकेकाळी हवाई दलात असलेले बंगालचे मनोहर आईच १९५२ मध्ये 'मिस्टर युनिव्हर्स' झाले. उंची जेमतेम ४ फूट ११ इंच. २०१६ मध्ये ते गेले तेव्हा त्यांनी शंभरी ओलांडलेली होती. म्हातारपणीही त्यांचा व्यायाम सुटला नव्हता आणि ते तरुणांना शिकवत होते.

मंचावरची टाळी काही मिनिटांची असते. त्यानंतरची चाळीस-पन्नास वर्षे याच शरीरात काढायची असतात, हे लक्षात ठेवून ज्याने त्याने वेळेवर स्वतःला 'थम' म्हणावे.