कांद्याच्या गोणीमागचे हात

घोडेगावच्या कांदा बाजारात लिलाव उरकला की दुसरं काम सुरू होतं. ढिगाभोवती बसलेल्या बाया गोल्टी म्हणजे बारीक कांदा वेगळी काढतात, हमाल गोण्या शिवून ट्रकमध्ये थप्पी लावतात. शेकडो घरांची चूल या हातांवर पेटते.

८ डिसेंबर २०२३ला केंद्राने कांदा निर्यात बंद केली. बंदी उठली ४ मे २०२४ला. माल अडकला की पहिली मजुरी बुडते ती याच हातांची. शेतकऱ्याच्या नुकसानीची बातमी तरी होते, हमालाची तीही नाही.

उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९२७ साली महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स उभी केली, तेव्हापासून तिच्यामार्फतही व्यापाऱ्यांचं म्हणणं सरकारदरबारी संघटितपणे जातं. मग व्यापाऱ्यांच्या निवेदनांतल्या शहरी रोजगाराच्या मागण्यांत फक्त कारखानेच का? आमची पोरं वाळूज-सुप्याच्या कारखान्यांत जातात, कारण प्रतवारी, साठवण, निर्जलीकरण यांतलं काम इथे पुरेसं उभंच राहिलं नाही. बाजारपेठेचं गाव हेही वाढतं शहरच आहे.

व्यापारी बंधूंनो, पुढच्या निवेदनात पहिली मागणी स्थिर निर्यात धोरणाची लिहा आणि दुसरी प्रतवारी करणाऱ्या बायांच्या डोक्यावर पक्क्या शेडची.