झिरो मशीन आणि माझं मेट्रोलॉजी

हॉस्टेलवर राहणाऱ्याला हे सांगायला नको की महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सलूनचे पैसे खिशात नसतात. असलेच तर ते वडापावला आणि जर्नलच्या झेरॉक्सला लागतात. म्हणून आमच्या विंगमधल्या आठ जणांनी वर्गणी काढून केस कापायचं मशीन आणलं. वायरचं, हातात जड लागणारं, चालू केलं की भुंग्यासारखं घुमणारं. 'दोन महिन्यांत पैसे वसूल' असा हिशोब होता आणि तो बरोबर निघाला. पण आज मला पैशांबद्दल लिहायचं नाहीये. त्या मशीनच्या पात्याखाली दोन स्क्रू असतात, त्यांच्याबद्दल लिहायचंय. आणि ते मी का फिरवले त्याबद्दल.

माझ्या रूममेटचा गुरुवारी कॅम्पस इंटरव्ह्यू होता. बुधवारी रात्री दहा वाजता साहेबांच्या लक्षात आलं की मानेवर जंगल वाढलंय. सलून बंद. मग खुर्ची कॉरिडॉरमध्ये, गळ्यात जुनी चादर, आणि कारागीर म्हणून मी. मशीन फिरवलं, केस उतरले, पण मानेवर काळपट खुंट राहातच होते. तो म्हणाला, "अजून बारीक कर ना. सलूनवाला कसं एकदम साफ करतो?" मलाही वाटलं, खरंच की, आपलं का होत नाही? कोणीतरी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. दोन स्क्रू सैल करा, पातं मागे सरकवा, पुन्हा आवळा, झाला झिरो गॅप. दीड मिनिटाचं काम. मी मेकॅनिकलचा, मेट्रोलॉजीच्या ओरलमध्ये सरांनी कौतुक केलेला माणूस. मला कोण अडवणार?

ज्यांनी हे मशीन उघडून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. त्यात दोन पाती असतात. एक रुंद, स्थिर, तिचे दात टोकाला बोथट केलेले. ती कातडीला टेकते. तिच्यावर दुसरं लहान पातं डावी-उजवीकडे धावतं. कापण्याचं काम दोघांच्या मध्ये होतं, अगदी कात्रीसारखं. धावणाऱ्या पात्याची टोकं स्थिर पात्याच्या टोकांपेक्षा जरा मागे ठेवलेली असतात. नव्या मशीनमध्ये हे अंतर साधारण एक मिलिमीटर. केसाची जाडी त्याच्या दहाव्या भागाइतकी किंवा त्याहून कमी. मग एवढं अंतर ठेवलंय कशाला? मला त्या रात्री वाटलं, कंपनीचा आळशीपणा. जास्तीत जास्त लोकांना चालेल असं ढोबळ सेटिंग.

आतली मोटर तर फारच मजेशीर आहे. खरं म्हणजे ती मोटरच नाही. एक कॉइल, एक लोखंडी आर्म आणि स्प्रिंगा. आपल्याकडे ५० हर्ट्‌झचा एसी, म्हणजे सेकंदाला १०० अर्धलहरी, प्रत्येक अर्धलहरीला चुंबक आर्मला एकदा ओढतो. मिनिटाला ६०००. अमेरिकेत ६० हर्ट्‌झ, म्हणून तिथे ७२००. अमेरिकेतल्या स्टर्लिंग नावाच्या गावात लिओ वॉल यांनी १९१९ साली अशा चुंबकावर चालणाऱ्या मशीनच्या पेटंटसाठी अर्ज केला होता, आणि मूळ कल्पना अजून तशीच चाललीये. शंभर वर्षं टिकलेलं डिझाइन! बाजूला एक मोठा स्क्रू असतो, तो जोर कमी-जास्त करायचा. फार फिरवला की आर्म आपटून खडखडाट होतो. खडखड जेमतेम थांबेल तिथे ठेवायचा. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की मशीन केस कापायच्या ऐवजी ओढतं, तेव्हा हाच स्क्रू कामाला येतो. पण हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी थेट पात्याला हात घातला.

स्क्रू सैल केले. पाती सरकवली, दोन्हीची टोकं एका रेषेत आणली, ट्यूबलाइटसमोर धरून बघितली, आवळली. सुंदर! फिटिंगच्या जॉबला कधी एवढा हात लागला नव्हता. मानेवर फिरवलं तर खरंच साफ. "वा! याला म्हणतात इंजिनिअर," असं म्हणेपर्यंत ठीक होतं. मग कानामागे वळताना मी मशीनची पकड बदलली, आणि तो ओरडला. मानेवर तीन बारीक समांतर रेघा, आणि त्यातून रक्त.

रात्रभर तुरटी, बोरोलिन आणि शिव्या. सकाळी तो कडक कॉलरचा पांढरा शर्ट घालून, आत पट्टी लावून इंटरव्ह्यूला गेला. दर पाच मिनिटांनी मान आखडत होता म्हणे. त्याचं सिलेक्शन झालं नाही. तो म्हणतो, "टेक्निकलमध्येच गेलो, तुझा काही संबंध नाही." असेल. पण मला झोप लागली नाही हे खरं.

दुपारी मी मशीन घेऊन गेटसमोरच्या सलूनमध्ये गेलो. काकांनी मशीन उलटं करून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "सेटिंग केलं तेव्हा दांडी कुठं होती?"

दांडी म्हणजे बाजूचा लिव्हर. मी तो आतापर्यंत शोभेचा समजत होतो. काकांनी अंगठ्याने तो वर-खाली करून दाखवला. लिव्हर खाली केला की धावणारं पातं मागे जातं, कट लांब राहतो. वर केला की पुढे येतं, कट बारीक. म्हणजे कंपनीने बारीक कट करायची सोय दिलेलीच होती! आमचा लिव्हर पहिल्या दिवसापासून खाली होता, म्हणून खुंट राहात होते. स्क्रूला हात लावायची गरजच नव्हती, अंगठा पुरला असता.

"आणि दांडी खाली ठेवून झिरो बसवलास तू," काका म्हणाले. "मग दांडी वर गेल्यावर पातं कुठं जाणार? बाहेरच येणार की लेका."

पकड बदलताना माझ्याच अंगठ्याने लिव्हर वर गेला होता. धावणारं पातं बोथट दातांच्या पुढे उघडं आलं आणि मानेत घुसलं. मित्रहो, व्हर्निअर वापरण्याआधी झिरो एरर बघा, हे आपण जर्नलमध्ये 'प्रिकॉशन्स' खाली किती वेळा लिहितो? मी तर ते पाच प्रॅक्टिकल्सना लिहिलंय. एकदाही विचार न करता, मागच्या बॅचच्या जर्नलमधून.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याला 'क्लिअरन्स' हा शब्द येतो, पण तो कोणासाठी ठेवलाय हे विचारायची सवय नाही. होल अँड शाफ्टच्या आकृत्या काढतो, फिट्सचे तक्ते पाठ करतो. तिथे दोन्ही बाजू स्टीलच्या असतात. इथे एक बाजू मान होती. कातडी सरफेस प्लेटसारखी सपाट नसते, जरा दाबलं की दातांच्या फटीत वर येते. ते एक मिलिमीटर तिच्यासाठी असतं. केसाच्या जाडीशी त्याची तुलना करणं हीच माझी चूक. आणि लॅबमध्ये आपल्याला मशीनला हात लावू देत नाहीत ना, मग बाहेर मिळेल त्या स्क्रूवर आपण तुटून पडतो. लॅबमध्येच चार गोष्टी बिघडवू दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

म्हणजे झिरो गॅप करूच नये का? तसंही नाही. काकांच्या टेबलावर दोन मशिनं आहेत. एकाला अंतर ठेवलेलं, ते डोक्यासाठी. दुसरं जवळजवळ झिरोला, ते फक्त दाढीची आणि मानेची रेघ मारायला. ते त्यांच्या हातात चालतं, कारण हात किती दाबतोय हे त्यांना न बघता कळतं. आठ जणांच्या विंगमध्ये फिरणाऱ्या मशीनला मात्र झिरो गॅप नकोच. कोणाचा हात कसा पडेल सांगता येत नाही. शिवाय पात्याला रक्त लागतं, आणि हेपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. आमच्याकडे रविवारी त्याच मशीनसाठी तिघांचा नंबर लागलेला होता! हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

स्वतःचं, एकट्याचं मशीन असेल आणि करायचंच असेल, तर काकांनी केलं तसं करा. आधी पाती ब्रशने साफ करून तेलाचे दोन थेंब, कारण निम्म्या वेळा तक्रार कचऱ्याची असते. मग प्लग काढून लिव्हर पूर्ण वर. स्क्रू नुसते सैल करायचे, काढायचे नाहीत. रुंद पातं मागे सरकवायचं, पण धावणारं पातं जरासं मागेच राहिलं पाहिजे, निदान वहीच्या कागदाच्या जाडीइतकं, आणि दोन्ही टोकांना सारखं. एका बाजूला कमी, दुसऱ्या बाजूला जास्त झालं तर कोपराच चावतो. दोन्ही स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळायचे, एकच पूर्ण आवळला तर पातं तिरकं होतं. नंतर प्लग लावून न दाबता स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून बघायचं. दुसऱ्याच्या मानेवर नाही. ओरखडा आला तर पुन्हा पहिल्यापासून. आणि ज्यांचे केस कुरळे आहेत त्यांनी एवढं बारीक करूच नये. फार जवळून कापलेला केस वळून कातडीत शिरतो आणि पुळ्या येतात. आमच्या विंगमध्ये दोघांना आल्या.

काकांनी सेटिंगचे पन्नास रुपये घेतले. मी आधी तोंड वाकडं केलं, मग दिले.

मशीनचं अंतर आता पूर्वीसारखं एक मिलिमीटर आहे. दोन्ही स्क्रूंवरून पात्यापर्यंत लाल नेलपॉलिशची रेघ ओढली आहे, कोणी फिरवला तर रेघ तुटलेली दिसते. मुलांच्या हॉस्टेलवर नेलपॉलिश कुठून आलं हे विचारू नये. रूममेटला पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीत जॉब लागला. त्या इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी तो संध्याकाळी सहा वाजताच काकांकडे जाऊन बसला होता.