परत मिळालेला प्रासाद

झेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग येथील राजदुर्गाच्या विस्तीर्ण आवारात आज एकच वास्तू खासगी मालकीची आहे. ती म्हणजे लोबकोवित्स घराण्याचा प्रासाद. सोळाव्या शतकात तो पेर्नश्टेन या सरदार घराण्याने बांधला. त्या कुळाची कन्या पोलिक्सेना १६०३ मध्ये लोबकोवित्स घराण्यात विवाह करून आली आणि प्रासादही या घराण्याकडे आला. १६१८ मध्ये प्रॉटेस्टंट सरदारांनी सम्राटाच्या कॅथलिक अधिकाऱ्यांना दुर्गाच्या खिडकीतून खाली फेकले. त्यातून वाचलेल्यांना पोलिक्सेनाने याच घरात आश्रय दिला. त्या ठिणगीतून तीस वर्षांच्या युद्धाचा वणवा पेटला. त्याच शतकात पुढे प्रासादाला बरोक शैलीचे अलंकृत रूप लाभले.

या घराण्याने केवळ संपत्ती साठवली नाही. बीथोव्हेनसारख्या संगीतकाराला सातव्या प्रिन्स लोबकोवित्सचा उदार आश्रय होता. त्याची ‘एरॉइका’ सिंफनी याच प्रिन्सला अर्पण केलेली आहे.

१९३९ मध्ये नाझींनी प्रासाद बळकावला. युद्धानंतर १९४५ मध्ये तो परत मिळाला, पण जेमतेम तीन वर्षांसाठी. नाझींविरुद्धच्या लढ्यात लंडनमध्ये निर्वासित चेकोस्लोव्हाक सरकारचे राजदूत राहिलेल्या मॅक्स लोबकोवित्स यांनाच १९४८ मध्ये कम्युनिस्ट राजवटीने सर्वस्व हिरावून देशोधडीला लावले. देशासाठी झटणाऱ्याला देशानेच दिलेले हे बक्षीस!

१९८९ मध्ये ती राजवट कोसळली. वारस अमेरिकेतून परतले आणि प्रदीर्घ प्रयत्नांनंतर २००२ मध्ये प्रासाद त्यांच्या हाती आला.

लोकशाहीत सरदारांना महाल परत कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण न्याय हा पीडिताचे कूळ पाहून करायचा नसतो. जे बळाने हिरावले, ते परत करणे हे राज्याचे कर्तव्यच ठरते. आणि वारसांचे कर्तव्य? त्याचे उत्तर त्यांनी कृतीने दिले. २००७ मध्ये त्यांनी प्रासाद संग्रहालय म्हणून सर्वांसाठी खुला केला. बीथोव्हेनच्या संगीताच्या जुन्या संहिता आणि ब्रूगेलचे १५६५ मधील गवतकापणीचे चित्र आज तेथे सामान्य माणूसही पाहू शकतो.

‘जनतेच्या’ नावाने जप्त झालेली वास्तू मूळ मालकांनीच जनतेपुढे ठेवली, यापरते चोख उत्तर ते कोणते? मालकी न्यायालयाच्या वा कायद्याच्या कागदावर मिळते. वारसा मात्र प्रत्येक पिढीला स्वतःच्या कष्टाने नव्याने मिळवावा लागतो.