माकडतापाचा हिशेब जंगलातच मांडा

सिंधुदुर्ग आणि गोव्यातील काजू बागायतदार, मजूर आणि ग्रामसभा सदस्यांनो,

काजूच्या बिया वेचण्याचे दिवस आणि माकडतापाचे दिवस एकच आहेत. हा रोग १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला आणि पुढची कित्येक दशके कर्नाटकाच्या मोजक्या जिल्ह्यांपुरताच राहिला. २०१२ नंतर तो निलगिरी आणि वायनाडात दिसला, २०१५ मध्ये सत्तरीत आणि २०१६ मध्ये दोडामार्गात. दोडामार्गात त्या एका हंगामात शंभरावर माणसे आजारी पडली. रुग्णांपैकी साधारण ३ ते ५ टक्के दगावतात. वाचतात त्यांच्याही अंगात कित्येक आठवडे कामाची ताकद नसते. आपल्याकडे खरी धावपळ सुरू होते ती पहिला रुग्ण सापडल्यावर. तोवर निम्मी लढाई हरलेली असते, कारण ती जंगलात बरीच आधी सुरू झालेली असते.

माकडताप सहसा माकडाकडून थेट माणसाला होत नाही, तो गोचिडीतून येतो. गोचिडीची पिल्ले उंदीर, चिचुंद्री, पक्षी आणि माकडांच्या रक्तावर वाढतात; मोठ्या गोचिडींना गाई-म्हशींसारखे मोठे जनावर लागते. गुरांमुळे विषाणू वाढत नाही, पण गोचिडी वाढतात, आणि रानात चरायला गेलेले जनावर त्यांना गोठ्यापर्यंत आणते. वानर किंवा माकड रोगाने मेले की त्याच्या अंगावरच्या विषाणूभरल्या गोचिडी तिथेच पातेऱ्यात गळून पडतात. हिवाळ्यापासून मेपर्यंत याच पातेऱ्यात बारीक, चटकन नजरेला न दिसणाऱ्या गोचिडी भुकेल्या असतात, आणि आपण तिथेच वाकून बिया वेचतो, सरपण गोळा करतो, गुरे चारतो. घनदाट रान तोडून त्यात बाग, शेत आणि चराई यांची ठिगळे लावली की माणूस, गुरे, माकड आणि गोचीड यांची गाठ रोजच पडते. १९८० च्या दशकात दक्षिण कन्नडमध्ये काजूच्या लागवडीसाठी रान साफ केले गेले, त्यापाठोपाठ मोठी साथ आली. ती या गोष्टीची सर्वांत कडू साक्ष आहे.

इथवरचे ज्ञान जंगलाच्या अभ्यासकांनी दिले. पण ते कागदावरच राहते, कारण त्याला पैशाच्या हिशेबाची जोड कोणी देत नाही. रोजंदारीवर बिया वेचणाऱ्या बाईला बागेत मेलेले वानर दिसले, तर तिने काय करावे? कळवले तर परिसरात औषधफवारणी होईल, बाग काही दिवस बंद राहील, तिची मजुरी बुडेल, मालकाच्या बिया झाडाखाली कुजतील. कळवण्याचा फायदा साऱ्या गावाला आणि तोटा तिला एकटीला. तिच्या गप्प बसण्याला अडाणीपणा म्हणणे हा अन्याय आहे. आपण बसवलेल्या व्यवस्थेत तिला गप्प बसणेच परवडते. मेलेले माकड ही साथीची सर्वांत आधी मिळणारी आणि सर्वांत स्वस्त सूचना आहे, आणि तीच आपण सर्वांत महाग करून ठेवली आहे. म्हणून बाग बंद राहील तितक्या दिवसांची मजुरी आणि बुडालेल्या पिकाची भरपाई आठवड्याच्या आत मिळाली पाहिजे. हंगामाआधी गुरांवर गोचीडनाशकाचा खर्च सरकारने करावा, कारण एका शेतकऱ्याने आपल्या गुरांना औषध लावले तर वाचते शेजाऱ्याचे कुटुंबही, पण त्याचे पैसे त्याला कोणी देत नाही.

यावर कोणी म्हणेल, पैसे मिळतात म्हणून लोक माकडेच मारतील. म्हणूनच मोबदला मेलेल्या जनावराचा नको, बुडालेल्या दिवसांचा हवा. शिवाय मारलेले आणि रोगाने मेलेले जनावर शवविच्छेदनात वेगळे ओळखू येते. दुसरा आक्षेप याहून जुना आणि जोरदार आहे: माकडे बागा उद्ध्वस्त करतात, रोगही आणतात, तर सरळ मारूनच टाका. बागायतदाराचे नुकसान खरे आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. पण माकडे गेली तरी गोचिडी आणि उंदीर राहतातच. इंग्लंडमध्ये गुरांचा क्षयरोग रोखण्यासाठी बॅजर (बिळात राहणारा एक रानटी प्राणी) मारण्याचा मोठा प्रयोग १९९८ ते २००५ या काळात झाला. जिथे मारले तिथे गुरांतला रोग काहीसा घटला, पण आसपासच्या पट्ट्यात वाढला, कारण विस्कटलेले कळप दूरवर भटकू लागले. २००७ साली तिथल्या स्वतंत्र शास्त्रज्ञगटाने हा मार्ग उपयोगाचा नाही असा निष्कर्ष दिला. तिथल्या सरकारने पुढे २०१३ पासून पुन्हा बॅजर मारले हेही खरे, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. पण स्वित्झर्लंडने १९७८ पासून कोल्ह्यांना आमिषातून रेबीजची लस चारली, आणि कोल्हे मारून जे साधले नव्हते ते पुढे पश्चिम युरोपात या मार्गाने साधले.

मग माणसांना लस देऊन मोकळे का होऊ नये? कर्नाटकात वापरल्या गेलेल्या जुन्या लसीचे दोन डोस सुमारे ६२ टक्के आणि पुढचे डोस धरून सुमारे ८३ टक्के संरक्षण देतात असे २०१३ च्या अभ्यासात दिसले. चांगली लस आली तर ती घेतलीच पाहिजे. मात्र माणसाकडून हा रोग पुढे जात नाही. त्यामुळे कितीही माणसांना टोचले तरी जंगलातला विषाणू जराही कमी होत नाही. तो खर्च पुन्हा पुन्हा करावाच लागेल. गुरे, पातेरा आणि मेलेली माकडे यांवरचा खर्च मात्र लस न घेतलेल्यालाही वाचवतो.

येत्या ग्रामसभेत आरोग्य, वन आणि पशुसंवर्धन या तिन्ही खात्यांचे अधिकारी एकाच दिवशी बोलवा, आणि बंद बागेची मजुरी कुठल्या लेखाशीर्षातून, किती दिवसांत मिळेल, एवढे लेखी उत्तर मागा.