पडण्याआधी विचारायचा प्रश्न

जुन्नर तालुक्याच्या पश्चिम भागात, माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत मढ हे गाव आहे. पावसाळ्यात या मुलुखात नीट पाऊल टाकणे हेच एक काम होऊन बसते. भातखाचरांचे बांध निसरडे, अंगणातल्या दगडांवर शेवाळ आणि न्हाणीतली जागा तर बाराही महिने ओली. अशा गावातील सत्तरी ओलांडलेल्या आजीबाईंना 'पडायची भीती वाटते का?' असे कोणी विचारले, तर त्या बहुधा हसून नाही म्हणतील. जन्म डोंगरात गेला, आता कसली भीती? पण बांधावरून पलीकडच्या वस्तीवर शेवटचे कधी गेलात, असे विचारले की उत्तर येण्यास वेळ लागतो. भीती नाही हे त्यांच्या दृष्टीने खरे असते. जाणे थांबले हेही खरे असते.

म्हाताऱ्या माणसांच्या पडण्याचा हिशेब आपण आजवर मोडलेल्या हाडांवरून करीत आलो आहोत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून मरण पावतात. हा आकडा भयंकर खरा. परंतु पडण्याच्या धास्तीने जी माणसे उंबरठ्याच्या आतच राहिली, त्यांची गणती त्यात नाही. ती कशी करावी, हा प्रश्न अमेरिकेत येल विद्यापीठातील डॉ. मेरी टिनेटी यांनी हाती घेतला. १९८८ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ७५ व त्याहून अधिक वयाच्या ३३६ व्यक्ती होत्या, आणि त्यांपैकी ३२ टक्के वर्षभरात निदान एकदा पडल्या होत्या. १९९० साली टिनेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी मोजपट्टी तयार केली. अंघोळ करणे, कपडे घालणे, खुर्चीतून उठणे, दाराशी जाणे अशी दहा कामे घेऊन, ती न पडता करण्याची खात्री किती वाटते, याला एक ते दहा गुण द्यावयाचे. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली मांडलेला विचार तिच्या मुळाशी आहे. एखादे काम आपल्याला जमेल की नाही याविषयीची माणसाची स्वतःची खात्री, हीच ते काम तो करील की टाळील हे पुष्कळ अंशी ठरविते.

यात 'भीती वाटते का?' हा प्रश्न टाळला, हे मोठे शहाणपण होय. भीतीची कबुली देण्यात मानहानी असते. खात्री मात्र कमी-अधिक सांगता येते, आणि कामागणिक ती निराळी असते. शिवाय ही खात्री गेली की जे होते ते कोणाही घरात पाहावयास मिळेल. माणूस चालणे कमी करतो. पायांतले बळ जाते. तोल अधिकच डळमळतो, आणि ज्या पडण्याला तो भीत होता तेच समोर येऊन उभे राहते. घरचे लोक 'बसून राहा, आम्ही आहोत' म्हणतात. त्यात माया असते, पण पायांचे नुकसान तीच माया करते.

तथापि परदेशी पट्टी उचलून मढच्या ओसरीवर ठेवली म्हणजे मोजमाप झाले, असे नव्हे. १९९५ साली कॅनडात तयार झालेल्या अशाच एका प्रश्नावलीत सरकत्या जिन्याविषयी आणि बर्फ साचलेल्या पदपथाविषयी प्रश्न आहेत. २००५ सालची सोळा प्रश्नांची युरोपीय प्रश्नावली त्या मानाने जवळची. तीत ओली जागा, उंचसखल वाट, चढउतार, गर्दी हे सारे येते. तरीही डोक्यावर हंडा घेऊन चढणे, चिखलातून खाचर ओलांडणे, उकिडवे बसून उठणे, रात्री कंदील वा बॅटरी हाती घेऊन बाहेर जाणे, हे प्रश्न तीत कोण घालणार? ते येथल्याच माणसाने घालावयास हवेत.

म्हाताऱ्यांचे उत्तर जसेच्या तसे घेऊ नये, हेही पुणे जिल्ह्यात पूर्वी तपासले गेले आहे. शिरूर तालुक्यातील वढूच्या परिसरात २००७ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या वार्धक्यविषयक पाहणीत पन्नाशीपुढील सुमारे पाच हजार लोकांना प्रकृतीविषयी विचारले गेले. अशा पाहणीत काल्पनिक माणसांची छोटी वर्णने सांगून, त्यांची अडचण उत्तर देणाऱ्याला किती वाटते हेही पाहतात. एकाला जे 'थोडेसे' वाटते ते दुसऱ्याला 'फार' वाटते, हा फरक त्यातून हाती लागतो. सोसण्याची सवय असलेल्या डोंगरी माणसाच्या 'काही नाही हो' या उत्तरासाठी तर हा उपाय अधिकच हवा.

आशा कार्यकर्ती तिशीपुढील प्रत्येकाची जी तपासयादी भरते, तीत साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न आहे: उभे राहताना वा चालताना तोल जातो असे वाटते का? प्रश्न चांगला आहे, पण एकटा आहे. त्याला चार-पाच स्थानिक प्रश्नांची जोड देण्यास फारसा खर्च नाही. आशाताईंच्या डोक्यावर आधीच किती कागद आहेत हे मान्य करूनही ही सूचना करावीशी वाटते. अट एवढीच, की उत्तराचे पुढे काही तरी झाले पाहिजे. तोल आणि पायांचे व्यायाम नियमित केल्यास पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी होते, असे २०१९ सालच्या कॉक्रेन आढाव्यात आढळले. न्हाणीत धरायला एक आडवा दांडा, पायरीला खडबडीतपणा, वाटेवर एक दिवा, हीसुद्धा उपाययोजनाच होय. गुण कमी आले म्हणून म्हाताऱ्याला 'मन घट्ट करा' असा उपदेश करणे मात्र चूक ठरेल. वाट खरोखरच निसरडी असेल तर त्याचा अविश्वास हे दुबळेपण नव्हे, ते योग्य अनुमान आहे.

राज्य सरकारने २०२२ साली ७५ वर्षांपुढील नागरिकांना एस.टी.चा प्रवास मोफत केला. निर्णय स्तुत्य होता, ज्येष्ठांनी त्याचे स्वागतही केले. परंतु मढच्या रस्त्यावर पावसात बस थांबली, की तिकिटाच्या आधी येते ती बसची पहिली पायरी. ती गुडघ्याएवढी उंच, ओली, आणि मागून उतारूंची घाई. त्या पायरीवर चढण्याची खात्री ७५ वर्षांच्या माणसाला दहापैकी किती वाटते, हे एस.टी.च्या कोणत्याही थांब्यावर विचारून पाहता येईल.