वजन उतरवायला सोबत लागते

विशी-पंचविशीतली मुलं वजन कमी करण्याच्या गटात का जातात, असं विचारलं की घरातल्या मोठ्यांचं उत्तर ठरलेलं असतं : तब्येतीसाठी. त्या मुलांशी बोललं की वेगळंच ऐकू येतं. बहिणीचं लग्न वैशाखात आहे. पोलीस भरती निघालीय आणि ग्राउंड काढायचंय. डॉक्टरीणबाईंनी पीसीओडी सांगितलंय, पाळी दोन-दोन महिने येत नाही. ऑफिसच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेत उभं राहायची सवय लागलीय, ती मोडायचीय. बघायला आलेल्या मंडळींपैकी कुणीतरी जाता जाता काहीतरी बोलून गेलं. मधुमेह, रक्तदाब हे शब्द या वयात क्वचितच तोंडी येतात, आणि आले तर वडिलांमुळे : बाबांना पंचेचाळिशीत शुगर निघाली, माझं तसं व्हायला नको.

या कारणांना उथळ म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. बावीस वर्षांच्या मुलीला तिच्या साठीतल्या हृदयाची भीती घालून कुणी सकाळी उठवू शकत नाही. तिला पाळी नियमित यायला हवी असते, जिना चढताना धाप लागू नये असं वाटतं. आणि पोरगा भरतीचा असेल तर त्याचं गणित अगदी रोकडं असतं. शारीरिक चाचणीचे 50 गुण, त्यात मुलांना 1600 मीटर धावायचं, मुलींना 800. अंगावरचे चार किलो जास्तीचे असतील तर ते घड्याळात दिसतात. तालुक्याच्या गावी पहाटे मैदानावर जाऊन पाहा, वजन कमी करण्याचे सगळ्यात कडक गट तिथेच चालतात, फक्त त्यांना कुणी तसं म्हणत नाही.

पण ही झाली सुरुवात करायची कारणं. सुरुवात तर एकट्यालाही करता येते. मोबाइलवर व्यायाम आहे, आहाराचे तक्ते आहेत, जिमचा वर्षाचा पास आहे. मग गटातच का जायचं? मला वाटतं, याचं उत्तर आपल्या घरांत आहे. आपल्याकडे दुसऱ्याच्या अंगावर बोलायला कुणाला परवानगी लागत नाही. ‘सुटलीस गं’, ‘खात्यापित्या घरचा दिसतोस’, ‘आता आवर, लग्नाचं वय झालं’. आणि हे ज्या घरात ऐकायचं, त्याच घरात पोळीवर दुसरा चमचा तूप पडतं, ‘एवढ्याशानं काय होतंय?’ टोमणाही तिथला, आग्रहही तिथला. नको म्हटलं तर आई दुखावते, खाल्लं तर आत्या बोलते. ओळखीतली एक मुलगी रात्री सगळे झोपल्यावर ओट्यापाशी उभी राहून, दिवा न लावता, शेवेच्या डब्यात हात घालायची. डब्याचं झाकण वाजू नये म्हणून ती ते आधीच जेवताना सैल करून ठेवायची. हे ती आईला सांगू शकत नव्हती आणि डॉक्टरांनाही. गटातल्या मुलींना तिनं ते सांगितलं, कारण त्यांतल्या दोघींचे डबे वेगळे होते, बाकी सगळं तेच होतं.

वजनासाठी एकत्र येणाऱ्या एका मोठ्या चळवळीचा जन्मच मुळी अशा लपवलेल्या खाण्यातून झाला. 1961 साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात जीन निडेच नावाची गृहिणी राहत होती. सुपरमार्केटमध्ये भेटलेल्या एका ओळखीच्या बाईनं तिला विचारलं, बाळ कधी व्हायचंय? ती गरोदर नव्हती. ती शहराच्या आरोग्य खात्याच्या लठ्ठपणाच्या दवाखान्यात गेली, तिथं तिला व्यवस्थित आहार लिहून मिळाला, वजनही उतरू लागलं. पण न्हाणीघरातल्या मळक्या कपड्यांच्या टोपलीत ती बिस्किटं लपवून ठेवत होती आणि ते दवाखान्यात सांगायचं धाडस होत नव्हतं. शेवटी तिनं सहा मैत्रिणींना घरी बोलावलं आणि त्यांना सांगून टाकलं. त्यांच्याही लपवायच्या जागा निघाल्या. दर आठवड्याला बायका वाढत गेल्या आणि 1963 मध्ये त्यातून ‘वेट वॉचर्स’ ही कंपनी उभी राहिली, जी पुढे जगभर पसरली. आहार तोच होता, दवाखान्यानं दिलेला. निडेचनं त्यात भर घातली ती फक्त माणसांची.

आपल्याकडे याचं एक मोठं उदाहरण डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या वजन कमी करण्याच्या मोहिमेचं. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या मांडणीवर आधारलेली ती पद्धत : कडकडून भूक लागेल त्या दोन वेळा ठरवायच्या, प्रत्येक जेवण 55 मिनिटांच्या आत संपवायचं, रोज 45 मिनिटं चालायचं. या पद्धतीवर आहारतज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत आणि तो वाद त्यांनीच सोडवावा. मला त्या मोहिमेतले व्हॉट्सॲप ग्रुप महत्त्वाचे वाटतात. पैसे न घेता चालणाऱ्या या ग्रुपांवर कुणीतरी लिहितं, ‘साखरपुड्याला गेलो होतो, मोडलं, आता काय करू?’ आणि दुसरं कुणीतरी लिहितं, ‘उद्यापासून परत.’ महाराष्ट्रभर लोक या ग्रुपांवर टिकून राहिले, त्यात या उत्तराचा वाटा मोठा आहे.

तरुण मुलं मात्र अशा सगळ्या वयांच्या गटांत फार काळ रमत नाहीत. ब्रिटनमधल्या अशा गटांवर झालेल्या अभ्यासांतही बहुतेक सभासद मध्यमवयीन स्त्रियाच दिसतात. कारण उघड आहे. जिथे चर्चा गोळ्यांच्या डोसची आणि गुडघ्यांची चालते, तिथे हॉस्टेलवर राहणाऱ्या पोरीनं मेसच्या तेलकट भाजीचं काय करायचं ते कसं विचारावं? रात्रपाळी करणाऱ्या मुलानं दुसरं जेवण पहाटे चारला येतं हे कुणाला सांगावं? त्यांना आपल्याच वयाची, आपल्यासारखीच अडचण असलेली चार माणसं हवी असतात. पुण्यात रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढणारे असे कितीतरी गट आहेत. त्यातला एक मी जवळून पाहिला आहे. वजनाचं नाव तिथं क्वचितच निघतं. वर पोचायला किती मिनिटं लागली, कुठे थांबावं लागलं, यावर बोलणं चालतं. वर गेल्यावर भजी घ्यायची की मटक्यातलं दही, हे खाली वाटेवरच ठरतं, सगळ्यांचं मिळून. भजी ठरली तर सगळे खातात आणि कुणी कुणाकडे बघत नाही. पहाटे सहाला एकीचा मेसेज येतो, ‘खाली उभी आहे’, आणि दुसरीला बूट घालावेच लागतात. आपली कुणीतरी वाट बघतंय, यापेक्षा मोठी प्रेरणा मी या वयात पाहिलेली नाही.

म्हणूनच जे गट या भरवशाचा गैरवापर करतात त्यांचा राग येतो. सगळ्यांसमोर काट्यावर उभं करून आकडा मोठ्यानं वाचायचा. आधीचा आणि नंतरचा फोटो मुलीला न विचारता स्टेटसवर टाकायचा. नाश्त्याऐवजी पावडर विकायची आणि महिन्याभरात त्याच मुलाला गिऱ्हाइकं आणायला लावायचं. यात तरुणच जास्त सापडतात, कारण त्यांना मित्र हवे असतात आणि कमाईही हवी असते. मोठ्या नावांवरही डोळे झाकून विसंबू नये. ‘वेट वॉचर्स’नं मुलांसाठी ‘कुर्बो’ नावाचं ॲप चालवलं होतं. तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा केल्याच्या आरोपावरून 2022 मध्ये अमेरिकी सरकारच्या व्यापार आयोगाशी तडजोड करताना कंपनीला 15 लाख डॉलर दंड भरावा लागला आणि ती माहिती पुसून टाकावी लागली.

काट्यावरच्या नुसत्या आकड्याला एवढं महत्त्व देणं शास्त्राच्या दृष्टीनंही चूक आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच : 22.3. पण अंगातली चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के आणि युडकिनांची 9.1 टक्के. आपण भारतीय बारीक दिसूनही आतून स्थूल असू शकतो. तेव्हा गटानं मोजायचंच असेल तर पोटाचा घेर मोजावा, चालण्याचा वेग मोजावा, झोप मोजावी.

अशा गटांची गरज मोठी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021 मध्ये, देशातल्या 15 ते 49 वयाच्या 24 टक्के स्त्रियांचं आणि सुमारे 23 टक्के पुरुषांचं वजन हवं त्यापेक्षा जास्त भरलं. चौथ्या फेरीत हेच प्रमाण सुमारे 21 आणि 19 टक्के होतं. आता मौन्जारो, वेगोव्हीसारखी वजन उतरवणारी इंजेक्शनंही भारतात आली आहेत आणि ज्यांना डॉक्टर देतील त्यांनी ती जरूर घ्यावीत. पण ती महाग आहेत, थांबवली की वजन बहुतेकदा परत चढतं, आणि कॉलेजच्या पोराला ती परवडणार नाहीत. शाळेचं मैदान मात्र बहुतेक गावांत असतं. ते पहाटे तासभर उघडं ठेवायला ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला फारसं काही लागत नाही, आणि मुलींच्या गटासाठी तिथे दिवा आणि स्वच्छतागृह असलं तर कितीतरी आया मुलींना पाठवतील.

गट चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे. काटा पडद्याआड ठेवा आणि आकडा ज्याचा त्याला सांगा. नव्या मुलीला पहिल्या दिवशी ‘का आलीस?’ विचारलंत आणि ती लग्नाचं किंवा फोटोचं बोलली, तर उपदेश करू नका. आठवडाभर कुणी आलं नाही तर फोन जरूर करा, आणि त्या फोनवर वजनाचा विषय काढू नका.