इथं लग्न कोणाचं?

आमच्या बाळकुमच्या बिल्डिंगची लॉबी नुकतीच एकदम झकास झालीय. गेरूच्या रंगाची भिंत, त्यावर पांढरी वारली चित्रं आणि वरून फोकस लाइट! सेल्फी तर सॉलिड येतात. कमिटीनं 'आर्ट वॉल' असं बारसंसुद्धा उरकलंय.

परवा आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींबरोबर लिफ्टची वाट बघत होते. मावशी जव्हारकडच्या, वारलीच. भिंत निरखून म्हणाल्या, "ताई, इथं लग्न कोणाचं?"

मला कळेचना. मग त्यांनी मधली नक्षीदार चौकट दाखवली. "चौक काढलाय ना? पण देवी कुठंय?"

देवीच्या जागी बिल्डिंगचा लोगो होता!

वारली लग्नात सवाशिणी तांदळाच्या पिठानं भिंतीवर चौक काढतात, मधोमध पालघट देवी. चौकाशिवाय लग्न लागत नाही. खाली कुणाची सही नसते. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी पाड्यांवर गेले, कागद आला आणि जिव्या सोमा म्हसे जगाला कळले. १९८९मध्ये पॅरिसला प्रदर्शन, २०११मध्ये पद्मश्री. बायकांच्या कलेत नाव झालं ते पुरुषाचं, हे जरा खुपतंच. पण त्यांचं मासेमारीचं जाळं बघा, नजर अडकलीच पाहिजे!

मास कॉमला असताना मार्सेल द्युशाँचा फंडा शिकलो होतो. त्यानं १९१७मध्ये मुतारीचं भांडं टोपणनावानं सही करून न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाला पाठवलं. तेव्हा ते मांडलंच नाही. आज ते विसाव्या शतकातलं गाजलेलं शिल्प मानतात. म्हणजे वस्तू कामातून गेली की कलाकृती होते की काय? भांडं संडासातून सुटलं, चौक लग्नातून!

थिअरी मला भलतीच आवडली. मावशींनी ती लिफ्टमध्येच मोडली. मी विचारलं, "चौकात चांगला-वाईट असतो का हो?"

"मग! माझ्या आत्याचा चौक बघायला दुसऱ्या पाड्यावरनं बाया यायच्या. माझा हात जाड. देवीला चालतो, पण बघायला कोण थांबत नाय."

म्हणजे फोकस लाइटच्या कितीतरी आधी तिथे कुणीतरी थांबून बघत होतं. लग्नही लागत होतं आणि नजरही. आमच्या लॉबीत दोन्ही नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढच्या मीटिंगला लोगो पुसायचा विषय काढणारेय. त्या जागी देवी काढाल का, असं मावशींना विचारलं.

"काढीन की," मावशी म्हणाल्या. "तुमचं लग्न ठरलं की सांगा."